दुसऱ्या आईच्या दुधावर बाळ वाढेल का?

"मॅडम, हे दूध नुसतं पाणी दिसतंय हो. यावर आमचं लेकरू बाळसं कसं धरणार?"

एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या दारात हडपसरच्या एका आजींनी मला थांबवलं. सून शेजारीच व्हीलचेअरवर, मान खाली. 30 व्या आठवड्यात बाळंत झाली होती, बाळ 1200 ग्रॅमचं. तिला दूध जेमतेम थेंबभर येत होतं, म्हणून बाळाला मिल्क बँकेतलं, म्हणजे दुसऱ्या आयांनी दान केलेलं दूध सुरू केलं होतं. पुण्यात ससूनमध्येही अशी बँक आहे, तरी हा प्रश्न मला जवळजवळ रोज ऐकावा लागतो.

मी त्यांना फ्रिजमधली बाटली दाखवली. वर पिवळसर थर, खाली निळसर पातळ दूध. "आजी, ही साय. हलकेच फिरवली की मिसळते." आजींनी बाटली उजेडात धरली, फिरवली आणि बराच वेळ पाहत राहिल्या.

पण त्यांची शंका अगदीच चुकीची नव्हती, आणि हे मी आईबापांपासून लपवत नाही. हे दूध 62.5 अंशांवर 30 मिनिटं तापवलेलं असतं. त्यात जंतू मरतात. साखर आणि स्निग्धांश बहुतेक टिकतात, पण संरक्षण देणारी काही प्रथिनं कमी होतात आणि चरबी पचवणारं लायपेज जवळजवळ संपतं. शिवाय दूध देणाऱ्या बहुतेक आया पूर्ण दिवसांच्या बाळांच्या, काही महिन्यांपूर्वी बाळंत झालेल्या. त्यांच्या 100 मिली दुधात प्रथिनं साधारण 1 ग्रॅम. या बाळाला दिवसाला चारेक ग्रॅम हवीत आणि 200 मिली दुधातून मिळतात दोनच. म्हणूनच डॉक्टर वरून फोर्टिफायर, म्हणजे दुधात मिसळायचं पूरक घालतात, त्यातून प्रथिनं, कॅल्शियम, फॉस्फरस मिळतं. ते घातलं म्हणजे दूध वाईट होतं असं नाही. पावडरच्या दुधापेक्षा या दुधावर इतक्या लहान बाळांच्या आतड्यांना सूज येऊन ती सडण्याचा धोका कमी असतो. माझ्यासाठी हे कारण पुरेसं आहे.

"आमच्या गल्लीत एक बाळंतीण आहे, भरपूर दूध आहे तिला. तिचंच आणू का?" आजी म्हणाल्या. मी ठाम नाही म्हटलं. बँकेत दात्या आईची एचआयव्ही, कावीळ ब, सिफिलिस यांची तपासणी होते. घरून आणलेल्या कच्च्या दुधाची ही खात्री कुणी द्यायची?

मग मी सुनेकडे वळले. तिला वाटत होतं, दुसरीचं दूध सुरू झालं म्हणजे आपलं काम संपलं. उलट आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या आईच्या दुधात सुरुवातीला प्रथिनं जास्त असतात, आणि ते न तापवता देता येतं. मी म्हटलं, "तुझं दूध येईपर्यंत आपण ही सोय केलीय गं. दर तीन तासांनी पिळायचं, रात्री एकदा तरी उठायचंच. थेंब आले तरी सांग, ते बाळाच्या गालाच्या आतून लावू."

पहिल्या दिवशी 2 मिली निघालं. तिला रडू आलं. सिरिंजमधलं ते पिवळं चीक मी स्वतः सिस्टरकडे नेऊन दिलं. चौथ्या दिवशी एका वेळेला 20, आठव्या दिवशी 35. बँकेचं दूध रोज थोडं थोडं कमी होत गेलं.

चौदाव्या दिवशी बाळ पुन्हा जन्माच्या वजनावर आलं. आजींनी सुनेची बाटली उजेडात धरली, हलकेच फिरवली आणि सिस्टरला म्हणाल्या, "बघा, हिलाही साय आलीय."