सांगलीच्या उन्हाळ्यात मुलांचा दिवस दुपारपासून आखा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विश्रामबागेत वरच्या मजल्यावर फ्लॅट, मुलगा १० वर्षांचा, मुलगी ६ वर्षांची, तुम्ही दोघंही साडेनऊला कामावर, घरी सासूबाई. शिबिराची फी झेपत नाही. जूनच्या मध्यापर्यंत मुलांना मोबाईलपासून लांब आणि उन्हापासून जपून कसं ठेवायचं?

बहुतेक घरांत सुट्टीचं वेळापत्रक सकाळपासून लिहायला घेतात. सातला उठणं, आठला शुद्धलेखन, नऊला चित्रकला. ते तिसऱ्या दिवशी मोडतं, कारण दुपारचा विचारच कुणी केलेला नसतो. बारा ते चार स्लॅब तापलेला असतो, आजींना आडवं व्हायचं असतं, मुलांना बाहेर सोडता येत नाही. मोबाईल हातात येतो तो याच वेळी. म्हणून आधी हे चार तास भरा आणि बाकीचा दिवस त्यांच्याभोवती बसवा.

दुपार शांत जायची असेल तर सकाळी मुलं दमलेली हवीत. सहाला उठवा आणि साडेआठपर्यंत बाहेर ठेवा. सायकल, आमराईत पळापळी, इमारतीखाली क्रिकेट, काहीही चालेल. नऊनंतर ऊन चावायला लागतं. साडेआठला उठलेलं मूल दुपारी झोपत नाही, रात्री साडेअकरापर्यंत जागतं आणि दुसऱ्या दिवशी आणखी उशिरा उठतं. हे चक्र मोडताना झोपायची वेळ आधी ओढू नका, उठायची ओढा. रोज १५ मिनिटं लवकर उठवलं की आठवड्या-दीड आठवड्यात गाडी रुळावर येते आणि झोप आपोआप अलीकडे सरकते.

वरचा मजला आहे म्हणून घराचंही सांगतो. सकाळी नऊच्या आत उन्हाच्या बाजूच्या खिडक्या आणि पडदे बंद करा, संध्याकाळी सातनंतर सगळं उघडा. गच्चीवर पाणी मारायचं ते दुपारी नाही, ऊन उतरल्यावर. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री तीच धग खाली सोडतो. संध्याकाळी मारलेलं पाणी वाळता वाळता ती धग घेऊन जातं. त्यासाठी प्यायचं पाणी वापरू नका, फिल्टरमधून वाया जाणारं पाणी बादलीत साठवा. सोसायटी तयार असेल तर गच्चीला पांढऱ्या रंगाचे दोन हात देणं सगळ्यात उपयोगी. कूलर लावून खोली बंद केली की दमटपणा साठतो, अंग चिकचिकतं आणि कूलर चालत नाही असं वाटतं. त्याच्यासमोरची खिडकी चार बोटं उघडी हवी. टाकीतलं पाणी दोन-तीन दिवसांनी पूर्ण उपसून टाकी घासा, नाहीतर त्यात डेंग्यूचे डास वाढतात.

आता दुपारचे चार तास. माझं ठाम मत आहे की या वेळेला ‘उपक्रम’ नको, काम हवं. घरातल्या माणसांना खरोखर लागणारं, ज्याचा ढीग दिसतो आणि संपतो, असं काम. शेंगा फोडणं, लसूण सोलणं, डाळ निवडणं, चिंच फोडून चिंचोके काढणं. हे सगळं आजींना आडवं पडून सांगता येतं. मिरच्यांची देठं मात्र मुलांकडून काढून घेऊ नका. तो हात डोळ्याला लागतोच.

चिंचेचं काम निघालंच तर चिंचोके टाकू नका. मोठ्या माणसाने अडकित्त्याने चार चिंचोके मधोमध फोडायचे. त्यातल्या चांगल्या चार फाकांची फोडलेली बाजू मुलांनी खरबरीत दगडावर किंवा कोब्यावर घासायची. गुळगुळीत टाइलवर घासून काही होत नाही. पाच-दहा मिनिटांत एक बाजू सपाट पांढरी होते, दुसरी तपकिरी राहते. घासताना फाक चांगलीच तापते. ती एकमेकांना लावून चटके द्यायचा खेळ मुलं शोधून काढणारच, तेवढं बघा. मग फरशीवर खडूने पाच बाय पाच घरांचा पट आखा, चारी बाजूंच्या मधल्या घरांत आणि केंद्रात फुली मारा. चारही फाका एकदम टाकायच्या. जितक्या पांढऱ्या वर, तितकं दान. चारही पांढऱ्या म्हणजे चार, चारही तपकिरी म्हणजे आठ, आणि या दोन्हींवर पुन्हा एक टाक मिळतो. सोंगट्या म्हणून शेंगांची टरफलं, बटणं, काहीही. फुलीच्या घरात सोंगटी मरत नाही. बाहेरच्या घरांना एक फेरी मारून आतल्या घरांत उलट्या दिशेने वळायचं आणि शेवटी केंद्रात पोचायचं. सहा वर्षांच्या मुलीला मोजणी येते, दहा वर्षांच्याला डाव आखता येतो. दोघांना सारखाच रस वाटेल असे खेळ फार थोडे असतात, त्यातला हा एक. चार जणांचा डाव सहज तासभर चालतो.

वाळवणातलं मुलांना झेपणारं म्हणजे साबुदाण्याच्या पापड्या. कुरडयांना गहू तीन दिवस भिजवा, वाटा, गाळा, चीक शिजवून घोटा, असा मोठा घाट असतो. त्यात मुलांना फक्त चीक खायला मिळतो. पापड्या सोप्या आहेत. एक वाटी साबुदाणा धुऊन रात्री दीड वाटी पाण्यात भिजत घाला. सकाळी जाड बुडाच्या पातेल्यात चार वाट्या पाणी उकळा, साबुदाणा घालून मंद आचेवर १५-२० मिनिटं ढवळत शिजवा. दाणा काचेसारखा दिसला पाहिजे, मधला पांढरा ठिपका उरला तर तळताना तिथे कडक राहतं. मीठ चवीला कमीच वाटेल इतकं घाला. पाणी उडून गेलं की तेच मीठ दाट होतं, आणि पहिल्यांदा करणाऱ्यांच्या पापड्या खारट होतात त्या यामुळेच. थोडं जिरं पुरे. शिजवणं मोठ्यांनी, तेही कामावर जायच्या आधी. गरम खळ अंगावर पडली तर पाण्यासारखी ओघळत नाही, चिकटून भाजते, म्हणून कोमट झाल्याशिवाय मुलांच्या हाती चमचा देऊ नका.

गच्चीवर जाड प्लास्टिक अंथरून त्यावर एकेक चमचा टाकायचा आणि हात थांबवायचा. चमच्याच्या पाठीने पसरवत बसलं की मध्ये पातळ होतं आणि वाळताना तिथेच तडकतं. खळ बरोबर असेल तर आपसूक गोल पसरते. घट्ट झाली असेल तर अर्धी वाटी गरम पाणी घालून सारखी करा. साडेआठच्या आत घालून मुलांनी खाली यायचं. राखण गच्चीच्या दारातल्या सावलीतून, काठीला काळं फडकं बांधून. संध्याकाळी पापडीची कड प्लास्टिकवरून स्वतःच उचललेली दिसेल, नखाने टक केलं की हलेल. तेव्हा उलटायची. त्याआधी ओढली तर मधला ओला भाग खालीच चिकटून राहतो आणि हातात नुसती कड येते. दोन-तीन उन्हं दाखवा. मोडली की कट्ट वाजली पाहिजे. वाकली तर अजून पाणी आहे, डब्यात बुरशी धरेल.

या कामांनंतर साधारण दोनच्या सुमाराला झोप किंवा पुस्तक. झोपायचंच असा आग्रह नको, आडवं पडायचं आणि बोलायचं नाही एवढाच नियम. मोबाईल पूर्ण बंद केला तर आजींशी रोज भांडण होतं, म्हणून त्याला ठरलेली जागा द्या: साडेतीन ते सव्वाचार, बैठकीच्या खोलीत, आजींच्या समोर. सकाळी अजिबात नाही, कारण सकाळी एकदा हातात आला की पुढची प्रत्येक गोष्ट त्याच्यापुढे फिकी पडते. चार्जर तुमच्या बॅगेतून घेऊन जा. बॅटरी संपली म्हणजे वेळ संपली, आणि आजींना वाईटपणा घ्यावा लागत नाही.

पाणी मागेपर्यंत थांबू नका, खेळात मूल तहान विसरतं. प्रत्येकाची लिटरची बाटली नाव घालून माठाजवळ ठेवा. मुलाच्या दीड, मुलीची सव्वा बाटली संध्याकाळपर्यंत संपली पाहिजे. लघवी गडद पिवळी किंवा जळजळ होत असेल, म्हणजे उन्हाळी लागली असेल, तर पाणी कमी पडतंय. पन्ह्याचा अर्क एकदाच करून ठेवा: अर्धा किलो कैऱ्या कुकरला तीन शिट्ट्या, गर काढून मोजा, एका वाटी गराला दीड ते दोन वाट्या चिरलेला गूळ, अर्धा चमचा मीठ, वेलदोडा. गूळ विरघळल्यावर गाळून घ्या. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतो. पेल्याला दोन मोठे चमचे. ओला चमचा बाटलीत गेला की आंबतो, म्हणून अर्क ओतूनच घ्यायची सवय लावा. रस्त्याकडेच्या बर्फाच्या गोळ्याला मी तरी नाही म्हणेन. रंगापेक्षा त्या बर्फाचं पाणी कुठलं, हा खरा प्रश्न आहे.

जुलाब-उलट्या झाल्याच तर ओआरएसचं लिटरचं पाकीट अख्खं, पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात. अर्धं पाकीट पेल्यात अंदाजाने घालू नका. पाकीट नसेल तर एका लिटरला सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ. चमचा शिगोशिग भरला तर मीठ जास्त होतं आणि ते मुलाला अपाय करतं. २४ तासांनी उरलेलं फेकून द्या. घोळणा फुटला तर मान मागे टाकायची नाही, रक्त घशात जातं. बसवा, थोडं पुढे वाकवा, नाकाचा मऊ भाग चिमटीत घट्ट १० मिनिटं धरा. मध्येच सोडून बघायचं नाही. आणि ज्या मुलाचं अंग भट्टीसारखं तापलंय, जे बरळतंय किंवा सुस्त पडलंय, त्याला तापाची गोळी देऊन वाट बघत बसू नका. उष्माघाताला त्या गोळीचा उपयोग नाही. कपडे सैल करा, साध्या पाण्याने अंग भिजवत पंखा लावा, १०८ ला फोन करा. गुंगीत असेल तर तोंडात पाणी घालू नका. हे आजींना कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रीजला लावा, खाली तुमचे दोन्ही नंबर आणि शेजारच्यांचा. दुपारी गॅसचा रेग्युलेटर बंद ठेवायचा, हेही त्याच कागदावर.

पोहण्याबद्दल कळकळीने सांगतो. सुट्टीत मोठी मुलं लहानांना कृष्णेच्या घाटावर नेतात. उन्हाळ्यात पाणी संथ दिसतं, पण कोयनेतून पाणी सोडलं की पातळी बदलते, आणि वाळू उपसलेल्या जागी एका पावलात गळ्याएवढं पाणी लागतं. शिवाय कृष्णेत मगरी आहेत. भिलवडी-औदुंबरच्या बाजूला तर नक्कीच. मादी उन्हाळ्यात काठाच्या मातीत अंडी घालून जवळपास थांबते, तेव्हा ती जास्त चवताळलेली असते. कालवा तर नदीहून वाईट, त्याच्या उतरत्या शेवाळलेल्या बाजूंना पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही. पोहायला शिकवायचं तर जलतरण तलावात. गावाकडे विहिरीतच शिकवणार असाल तर पायऱ्यांची विहीर, पाठीला तरंगायचा डबा पक्का बांधलेला, पट्टीचा पोहणारा एक जण पाण्यात आणि एक जण काठावर, मोटरचा खटका बंद. दहा वर्षांच्या मुलाने सहा वर्षांच्या बहिणीला सांभाळायचं, ही जबाबदारी पाण्याजवळ त्याच्यावर कधीच टाकू नका.

सुट्टीच्या दिवशी कुठे न्यायचं, तर सहाला निघून साडेदहाला घरात, असा बेत करा. हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम आहे, संगमेश्वराचं देऊळ आहे, आणि हळद साठवायला जमिनीखाली पेवं खणलेलं हे गाव. धान्य-हळद जमिनीत कशी टिकायची ते मुलांना तिथे समजावता येतं. मिरजेत सतारी बनवणाऱ्यांची दुकानं सावलीतली, त्यामुळे ती संध्याकाळीही चालतील. भोपळ्यापासून वाद्य होताना बघून मुलं गप्प होतात. आधी विचारून जा, कारागिरांचं काम चालू असतं. सागरेश्वर अभयारण्यात हरणं बघायची तर पहाटेच पोचायला हवं, ऊन चढलं की ती झाडीत जातात. एसटीला ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट आहे आणि महिलांनाही निम्मंच, त्यामुळे आजींसकट खर्च आवाक्यात राहतो. दुचाकीने जाणार असाल तर उन्हात उभ्या गाडीच्या सीटवर आधी ओलं फडकं फिरवा. बागेतल्या पत्र्याच्या घसरगुंडीवर पाच सेकंद हाताची पालथी बाजू टेकवून बघा. तुम्हाला टेकवत नसेल तर मुलीच्या मांड्या भाजतील.

एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळीव येतो. आधी धूळ उठते, मग गडगडतं. पहिला गडगडाट ऐकू आला की मुलांनी खेळ टाकून घरात, झाडाखाली नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर नाही. नेमकं तेव्हाच गच्चीवर वाळवण पसरलेलं असतं आणि आजींचा जीव त्यात असतो. ते गोळा करायला मुलांना वर पाठवू नका, आजींनाही जाऊ देऊ नका. भिजलेल्या पापड्या दुसऱ्या दिवशी पुन्हा उन्हात टाकता येतात.