पगार कापतील म्हणून घाबरलायस, आधी कर्जमंजुरीचं सँक्शन लेटर तर काढ

अरे,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. शैक्षणिक लोनचे हप्ते थकलेत आणि वसुलीवाल्याचे धमकीचे फोन येतायत, एवढं कळलं. त्यात ‘पगार कापतील’ हेच सारखं सारखं आलंय, आणि लोन कुठल्या स्कीममधलं, पहिला हप्ता कधी ठरला होता, आज थकबाकी किती, यातलं एक अक्षर नाही. म्हणून फोनवर बोलण्यापेक्षा लिहून पाठवतेय, म्हणजे परत परत वाचता येईल. बँकेत कर्जाच्या टेबलवर मी बरीच वर्षं काढली, घाबरलेली पोरं मला नवीन नाहीत, आणि खरं सांगू का, जी घाबरून फोन करतात त्यांचं निस्तरतं, जी फोन बंद करून बसतात त्यांचं व्याज वाढत राहतं.

आधी त्या फोनवाल्याचं बघू. तो वसुली एजन्सीचा माणूस आहे, बँकेचा अधिकारी नाही आणि कोर्टाचा तर अजिबात नाही. ‘एचआरला मेल टाकतो, पुढच्या महिन्यापासून पगार कट’ असं तो म्हणू शकतो, करू शकत नाही. आपल्याकडे पगारावर टाच आणायची तर बँकेला आधी दावा लावावा लागतो, वीस लाखांच्या आतलं असेल तर दिवाणी कोर्टात, त्यावर असेल तर डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात. तुझं सहा लाखांचं, म्हणजे दिवाणी कोर्ट. तिथे तुला समन्स येणार, बाजू मांडायची संधी मिळणार, हुकूमनामा म्हणजे पैसे भरायचा कोर्टाचा निकाल होणार, मग अंमलबजावणीचा अर्ज, आणि त्यानंतर कोर्टाचा आदेश तुझ्या कंपनीकडे जाणार. तेव्हासुद्धा सगळा पगार जात नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात. म्हणजे ४०,००० पगार धर, त्यातले हजार बाजूला, राहिले ३९,०००, त्याचा एक तृतीयांश १३,०००, तेवढ्यावरच जप्ती येऊ शकते, आणि एकाच हुकूमनाम्याखाली तीही जास्तीत जास्त २४ महिने. पीएफला हात लागत नाही. १३,००० कमी नाहीत, माहितेय मला, पण ‘सगळा पगार जाणार’ आणि हे यात फरक आहे ना.

आणि हो, त्याने सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, नातेवाईकांना, ऑफिसातल्या लोकांना फोन करून तुझी अब्रू काढायची नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कॉलची तारीख-वेळ लिहून ठेव, पुढे लागते. त्याच्या यूपीआयवर एक रुपयाही पाठवू नकोस, भरायचे ते थेट लोन खात्यात. पोलिस घेऊन येतो म्हणाला तरी हप्ता थकणं हा काही फौजदारी गुन्हा नाही. पण तू चेक दिले असशील किंवा ऑटो डेबिटचं मँडेट सही केलं असशील आणि ते बाउन्स झालं, तर तो वेगळा मामला होऊ शकतो, त्यामुळे तसं काही असेल तर मला लपवू नकोस.

आता जे खरोखर घडू शकतं आणि ज्याबद्दल तू एक ओळही लिहिली नाहीस ते. तुझं सॅलरी अकाउंट त्याच बँकेत आहे का? असेल तर कोर्टाशिवायही बँक तिथल्या पैशावर होल्ड लावते, कारण लोनच्या कागदांत तसा हक्क बहुतेक वेळा लिहिलेलाच असतो आणि आपण ते कागद न वाचता पानापानावर सह्या केलेल्या असतात. मेसमध्ये स्वाइप केलं आणि ‘इनसफिशियंट’ आलं, तेव्हा पोरांना हे कळतं. म्हणून पगार दुसऱ्या बँकेच्या खात्यात घ्यायला एचआरला आजच विचार. याला पळवाट म्हणू नकोस, हप्ता भरायचाच आहे, पण खोलीभाडं आणि डबा आधी.

आता मूळ घोळाकडे येते. तू लिहिलंयस, ‘मी तर शिकतच होतो, मग मोरॅटोरियम, म्हणजे हप्ता सुरू होण्याआधीची सवलतीची मुदत, संपला कसा?’ अरे, बँकेला कोणी सांगितलं तू शिकतोयस? तुझं लोन बीईचं. आयबीएच्या, म्हणजे बँकांच्या संघटनेच्या, मॉडेल स्कीमवर बेतलेल्या लोनमध्ये साधारणपणे कोर्सचा काळ अधिक एक वर्ष एवढी सवलत असते. जुन्या स्कीममध्ये तर एक वर्ष किंवा नोकरी लागल्यापासून सहा महिने, जे आधी येईल ते, असं होतं, आणि काही बँकांच्या स्वतःच्या स्कीम आणखी वेगळ्या, म्हणून मित्राचं बघून आपलं ठरवायचं नाही, आपलं सँक्शन लेटर बघायचं. तुझं बीई २०२३ च्या जूनमध्ये संपलं, म्हणजे २०२४ च्या जुलैपासून सिस्टिमने हप्ता लावला. तू मधे एमईला अ‍ॅडमिशन घेतलीस हे कॉलेजला माहीत, आईबाबांना माहीत, बँकेच्या कॉम्प्युटरला कुठून माहीत असणार? पुढच्या शिक्षणासाठी मुदत वाढवून मिळू शकते, पण ती आपोआप मिळत नाही, बोनाफाईड जोडून अर्ज करावा लागतो आणि ब्रँचने तो मंजूर करून सिस्टिममध्ये तारीख बदलावी लागते. वर सगळे एसएमएस बाबांच्या जुन्या नंबरवर, जो त्यांनी केव्हाच बंद केलाय.

त्यामुळे आता एक शोध घे, यावर बरंच अवलंबून आहे. एमईच्या पहिल्या वर्षी तू किंवा बाबांनी ब्रँचला काही दिलं होतं का? एखादा ईमेल, पोचपावतीचा शिक्का असलेली झेरॉक्स, अगदी फील्ड ऑफिसरला व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेला बोनाफाईडचा फोटोसुद्धा. ते सापडलं तर तू थकबाकीदार होण्यात ब्रँचचाही वाटा आहे, आणि हप्ता लागल्याची तारीख दुरुस्त करा, त्यामुळे लागलेले दंड काढा, क्रेडिट रिपोर्ट सुधारा असं तू ठामपणे लिहू शकतोस. नाही सापडलं तर मागची तारीख बदलून द्या असा हट्ट धरून उपयोग नाही, तिथे पुढचं नीट करून मागायचं. ‘साहेबांना तोंडी सांगितलं होतं’ हे मात्र मला सांगू नकोस, तो साहेब आता बदली होऊन कुठे असेल देव जाणे.

दुसरा शोध सबसिडीचा. बाबांचा उत्पन्नाचा दाखला साडेचार लाखांच्या आतला होता ना? केंद्राची व्याज सबसिडी योजना आहे, मोरॅटोरियममधलं व्याज सरकार भरतं, पण तो क्लेम ब्रँचने टाकायचा असतो आणि तहसीलचा दाखला फाईलला नसेल तर तो राहून जातो. लोन स्टेटमेंटमध्ये सबसिडी जमा झाल्याची एंट्री दिसतेय का ते बघ. नसेल तर क्लेम टाकला होता का आणि नसेल तर का नाही, हे लेखी विचार.

ते हप्ते किती थकले याचंही गणित समजून घे, कारण तू म्हणतोस मागच्या महिन्यात पाच हजार भरले तरी फोन थांबत नाहीत. थांबणार नाहीतच. नव्वद दिवसांपेक्षा जास्त थकलं की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज, होतं, आणि एकदा झालं की थोडं थोडं टाकून ते बाहेर येत नाही, थकलेलं व्याज आणि थकलेले हप्ते सगळे भरले तरच खातं परत स्टँडर्ड, म्हणजे नियमित, होतं. तुझे पाच हजार चिखलात टाकलेल्या दगडासारखे गेले बघ, व्याजातच गडप. म्हणून आधी फोरक्लोजरचा, म्हणजे सगळं लोन एकदम फेडायचा, नाही, थकबाकीचा आकडा माग, म्हणजे खातं नियमित करायला आज नेमके किती लागतील तो. तो ऐकून हादरू नकोस, सहा लाखांच्या लोनवर ती रक्कम सहा लाख नसते. स्टेटमेंटमध्ये ‘पीनल’ लिहिलेल्या ओळी वेगळ्या काढ. दंडावर परत व्याज चढवायला रिझर्व्ह बँकेने बंदी घातलीय, कुठे तसं दिसलं तर खूण करून ठेव.

मग ब्रँच मॅनेजरला अर्ज. भावनिक काही लिहू नकोस, घरची परिस्थिती दोन ओळीत पुरे. नोकरी लागली ती तारीख, हातात येणारा पगार, एमईचं बोनाफाईड, आणि तुझा प्रस्ताव: थकबाकीतली एवढी रक्कम आत्ता, बाकीची इतक्या महिन्यांत, किंवा मुदत वाढवून हप्ता कमी करून द्या. आयबीएच्या स्कीममध्ये परतफेड पंधरा वर्षांपर्यंत असू शकते, तुझी सात वर्षांची असेल तर जागा आहे. सुरुवातीला छोटा हप्ता आणि पुढे वाढत जाणारा, असाही पर्याय विचार. पगाराच्या मानाने झेपेल तोच आकडा लिही, जोशात पंधरा हजार लिहून तिसऱ्या महिन्यात परत बाउन्स करायचं नाही. अर्जाचा इनवर्ड (आवक) नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नकोस, काउंटरवरची बाई कितीही ‘ठेवून जा’ म्हणाली तरी. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा उडवाउडवीचं आलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट असते, वकील लागत नाही.

तुझा रूममेट सेटलमेंट कर म्हणतोय ना, त्यात घाई नको. वन टाइम सेटलमेंटमध्ये रक्कम कमी होते हे खरं, पण क्रेडिट रिपोर्टवर ‘सेटल्ड’ असं पडतं, ‘क्लोज्ड’ नाही, आणि उद्या घराचं लोन घ्यायला गेलास की तेच आडवं येतं. नोकरी नाही, घरात आजारपण आहे, अशा पोरांनी ते जरूर करावं, तुझी नोकरी चालू आहे. लोक अदालतीची नोटीस आलीच तर ती फाडून फेकू नकोस. तिथे कोर्ट फी लागत नाही आणि बँकेचे लोक बऱ्यापैकी नरम असतात. फक्त तिथे सही केलेल्या तडजोडीवर अपील नाही, त्यामुळे आकडा झेपणारा असेल तरच सही.

राहता राहिले बाबा. ते सहकर्जदार आहेत, म्हणजे तुझ्याइतकेच जबाबदार, त्यांचाही सिबिल खाली गेलाय, आणि यंदा पीक कर्ज नवं-जुनं करताना बँकेने तो बघितला तर त्यांना तिथे पहिल्यांदा कळेल. ते कळायच्या आधी तू सांग. रान जाईल अशी भीती ते घेतील, तर सांग त्यांना, तुझ्या लोनला तारण काही नाही, आणि सरफेसी कायद्याखाली, म्हणजे कोर्टाशिवाय तारणावर ताबा घ्यायच्या कायद्याखाली, बँक शेतजमिनीवर तसाही ताबा घेऊ शकत नाही. कोर्टाचा हुकूमनामा झाला तर गोष्ट वेगळी, पण तिथवर आपण जाऊ देणारच नाहीये.

क्रेडिट रिपोर्ट तुझा आणि बाबांचा दोघांचा काढ, वर्षातून एकदा फुकट मिळतो. सँक्शन लेटर, पूर्ण लोन स्टेटमेंट आणि हे रिपोर्ट, सगळ्यांची पीडीएफ मला पाठव, फोटो नको, आकडे दिसत नाहीत. अर्जाचा मसुदा आपण मिळून करू. ब्रँचला सोमवारी जाऊ नकोस, गर्दी असते आणि मॅनेजर वैतागलेला असतो, मंगळवार किंवा बुधवारी अकराच्या सुमारास जा, आणि दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बँक बंद असते हे विसरून बार्शीचं तिकीट काढू नकोस.

— काकू