वडिलांच्या मांड्या उतरत चालल्यात, पोटातल्या जिवाणूंसाठी कॅप्सूल सुरू करावी का?

तुमचे वडील ७४ वर्षांचे, वजनकाटा तेवढाच दाखवतो पण मांड्या बारीक झाल्यात, आणि कुणीतरी प्रोबायोटिक, म्हणजे जिवंत चांगल्या जिवाणूंची कॅप्सूल, सुचवलंय, असं तुम्ही लिहिलंय. मी फिजिओथेरपिस्ट आहे, माझ्याकडे साठीपुढची मंडळीच जास्त येतात. ताकद वाढेल या आशेने कॅप्सूलवर पैसे घालू नका, असं मी सांगेन.

पोट आणि स्नायू यांचा संबंध खरा आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आतड्यात एकही जिवाणू नसलेल्या उंदरांचे स्नायू खुरटलेले आढळले; दुसऱ्या उंदरांचे जिवाणू दिल्यावर ते भरले. पण माणसाचं काय? लंडनच्या किंग्ज कॉलेजने साठीपुढच्या जुळ्यांच्या ३६ जोड्या घेतल्या. व्यायाम आणि अमिनो आम्लांची पूड सगळ्यांना, जिवाणूंचं खाद्य असलेली पूड मात्र जोडीतल्या एकालाच. १२ आठवड्यांनी हे खाद्य घेणाऱ्यांच्या पोटात चांगले जिवाणू वाढले, स्मरणशक्तीच्या चाचण्याही सुधारल्या, पण खुर्चीतून उठायला लागणाऱ्या वेळात फरक पडला नाही. २०२४ चा हा निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो.

मला जास्त काळजी वाटते ती ताटाची. कवळी बसत नाही म्हणून मटकीची उसळ बंद होते, भाकरी चावत नाही, कोशिंबीर नको वाटते. मग सकाळी चहा-बिस्किट, दुपारी मऊ वरणभात, रात्री दूधभात. यात प्रथिनं घटतात आणि जिवाणू ज्यावर जगतात तो चोथाही जातो. म्हणून आधी दंतवैद्याकडे न्या. तोवर उसळ कुकरमध्ये मऊ शिजवा, भाकरी ताकात कुस्करून द्या, अंडं चालत असेल तर रोज द्या. या वयात दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हे प्रमाण डॉक्टरांनाच ठरवू द्या.

आजच एक करून बघा. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीत त्यांना बसवा, हात छातीवर घ्यायला सांगा, आणि न थांबता पाच वेळा उठ-बस करायला किती सेकंद लागतात ते मोजा. तुम्ही शेजारी उभे राहा. अनेकांचा हात पहिल्याच वेळी आपसूक गुडघ्यावर जातो. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर स्नायूंची नीट तपासणी करून घ्यायला हवी. व्यायामही तोच: रोज थोडी उठ-बस, मग हळूहळू वजन किंवा रबरी पट्टा. नुसत्या फेरफटक्याने मांड्या भरत नाहीत. पाय अलीकडे झपाट्याने उतरले असतील तर मात्र व्यायामाआधी साखर, थायरॉइड, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या.