नियम बदलला, पण कोणासाठी आणि कधीपासून?

तुम्ही विचारलंय, की पुण्यातली नोकरी सोडून ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांना नोकरीसाठी मिळणाऱ्या निवास परवान्यावर, जर्मनीला यायचं जवळजवळ ठरलंय, नवरा आणि चार वर्षांची मुलगी बरोबर येणार आहेत, पण तिथले परवान्याचे नियम सारखे बदलतात असं ऐकल्यापासून धास्ती वाटतेय. या बदलांचा माग ठेवायचा कसा? मी ऑगस्ट २०२१ मध्ये दक्षिण जर्मनीत आले. नियम बदलतात हे खरंच आहे. पण कुठलाही बदल कानावर आला की मी आधी दोनच गोष्टी शोधते: तो कुठल्या तारखेपासून लागू आहे आणि कोणाला लागू आहे. बातमीत बहुधा या दोनच गोष्टी गाळलेल्या असतात.

माझ्या आईचंच सांगते. ती साताऱ्यात एकटी असते. मार्च २०२४ मध्ये आमच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप आला, 'आता ब्लू कार्डवाल्यांना आईवडिलांना कायमचं आणता येणार.' मी त्याच रात्री आईला फोन केला. दोन दिवसांनी कायद्याचं कलम स्वतः वाचलं, तेव्हा कळलं की ज्यांना परवाना पहिल्यांदा १ मार्च २०२४ रोजी किंवा त्यानंतर मिळाला, त्यांच्यासाठीच ही सवलत आहे. माझा २०२१ चा. आईला पुन्हा फोन करून 'नाही जमत' असं सांगणं फार जड गेलं. तुम्ही आता येताय, म्हणजे तुम्हाला ही सवलत लागू होईल. मात्र आईवडिलांच्या आरोग्य विम्याची चौकशी सगळ्यात आधी करा. नवरा आणि मूल तुमच्या सरकारी विम्यात येऊ शकतात, आईवडील येत नाहीत. त्यांच्यासाठी पुरेसा विमा वेगळा दाखवावा लागतो, आणि उतारवयात तो मिळणं अवघड आणि महाग असतं.

उलटा अनुभवही आहे. माझा करार दोन वर्षांचा होता. ब्लू कार्ड कराराच्या मुदतीपेक्षा तीन महिने जास्त, पण एकूण चार वर्षांच्या आतच मिळतं. म्हणून माझं कार्ड नोव्हेंबर २०२३ ला संपत होतं. पीआरसाठी, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी, ब्लू कार्डवर नोकरीचे ३३ महिने लागतात, हेच सगळे सांगत होते. १८ नोव्हेंबर २०२३ पासून ते २७ झाले. त्या आठवड्यात माझे २७ महिने भरले होते, आणि ऑफिसमध्ये एकालाही याचा पत्ता नव्हता. मुदतवाढीचा अर्ज आधीच गेलेला होता, त्याच्या पाठोपाठ मी पीआरचा अर्ज टाकला. जर्मनची बी-१, म्हणजे मध्यम पातळीची, परीक्षा दिली असती तर २१ महिन्यांतच झालं असतं. तुम्ही भाषेचा क्लास पुण्यातच सुरू करा, इथे नोकरी आणि लेकरू सांभाळून संध्याकाळी अंगात त्राण उरत नाही.

मुदतवाढीचा अर्ज कार्ड संपायच्या आत गेलाच पाहिजे, यात एक दिवसाचीही हयगय नको. परदेशी नागरिकांच्या कार्यालयात, म्हणजे आउसलेंडरबेहोर्डेत, भेटीची वेळ मिळायला महिने लागतात. पण अर्ज वेळेत पोचला असेल तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू आहे असं कायदा मानतो. त्याचा दाखला म्हणजे फिक्सिऑन्सबेशायनिगुंग. त्यावर खुणेच्या तीन चौकटी असतात आणि परदेशी जाऊन परत यायचं असेल तर निवास कायद्याच्या कलम ८१ च्या चौथ्या पोटकलमाच्याच चौकटीवर खूण हवी. कागद हातात पडला की तिथल्या तिथे बघून घ्या. डिसेंबर २०२३ मध्ये माझ्याकडे योग्य चौकटीचा दाखला होता, तरी मुंबई विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने तो कधी पाहिलेला नव्हता. मुदत संपलेलं कार्ड आणि त्या कलमाचं इंग्रजी भाषांतर सोबत होतं, म्हणून वरिष्ठांना बोलावून, बराच वेळ थांबवून, शेवटी सोडलं.

पगाराची अट दर जानेवारीत वाढते, कारण पेन्शन विम्याची वर्गणी ज्या कमाल पगारापर्यंत कापतात, त्या मर्यादेशी ती बांधलेली आहे. ब्लू कार्डासाठी २०२४ मध्ये वर्षाला ४५,३०० युरो लागत, २०२५ मध्ये ४८,३००, २०२६ साठी ५०,७००. आयटीसारख्या मनुष्यबळ कमी असलेल्या क्षेत्रांत ती कमी असते, २०२६ साठी ४५,९३४.२०. मुदतवाढीच्या वेळी त्या वर्षीचा आकडा बघतात, तुम्ही आलात त्या वर्षीचा नाही. म्हणून अटीला जेमतेम टेकणारा पगार घेऊ नका. आकडा करारात ठरलेला हवा, 'कामगिरीनुसार बोनस' धरून हिशेब करू नका.

बदल मागेही फिरतात. जून २०२४ मध्ये नागरिकत्व आठऐवजी पाच वर्षांत, आणि उत्तम भाषा वगैरे असेल तर तीन वर्षांत मिळू लागलं. त्या तीन वर्षांच्या आशेने माझ्या ओळखीच्या दोघांनी सी-१ या वरच्या पातळीच्या जर्मन परीक्षेसाठी रात्री जागवल्या. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस ती वाट बंद झाली, पाच वर्षांची राहिली. मला त्यांच्यासाठी फार वाईट वाटलं. आजच्या सवलतीवर पुढच्या तीन वर्षांचं घर उभारू नका.

वाचायचं कुठे? 'गेझेत्झे इम इंटरनेट' या सरकारी साइटवर निवास कायदा आहे. ब्लू कार्डासाठी कलम 18g, पीआरसाठी 18c. वर शेवटच्या दुरुस्तीची तारीख असते. इंग्रजी भाषांतर कधी कधी मागे पडतं, म्हणून त्याच्या वरची तारीखही बघा. सोप्या इंग्रजीत हवं असेल तर 'मेक इट इन जर्मनी' हे सरकारी पोर्टल चांगलं आहे. दर जानेवारीत तासभर काढला तरी पुरतं. अडलंच तर कारितास, डियाकोनी, रेड क्रॉस या सेवाभावी संस्थांकडे स्थलांतरितांसाठी मोफत सल्ला मिळतो. मी गेले आहे, माणसं मन लावून ऐकतात.

नोकरीचं एक ध्यानात ठेवा. पहिल्या बारा महिन्यांत कंपनी बदलली तर कार्यालयाला कळवावं लागतं, आणि नोकरी मुदतीआधी सुटली तर ते समजल्यापासून दोन आठवड्यांत. नवऱ्याची काळजी नको, ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला यायला जर्मन परीक्षेची अट नाही आणि त्याला कुठलीही नोकरी करता येते.

आणि मुलीचा पासपोर्ट आजच काढून बघा. आपल्याकडे लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, आणि इथलं कार्ड पासपोर्टच्या मुदतीपुढे देत नाहीत. तो जन्मानंतर लगेच काढला असेल तर आता संपतच आला असेल. इथे येऊन वकिलातीच्या फेऱ्या मारण्यापेक्षा व्हिसाच्या अर्जाआधी पुण्यातच नवा करून घ्या.