भरतीरेषा, कांदळवन आणि सोलर पॅनल: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात घरच्या सोलरबद्दल लिहिलं आणि पत्रांचा ढीग आला, त्यात निम्म्याहून जास्त पत्रं किनाऱ्यावरच्या गावांतली. सगळ्यांचा सूर एकच, "सीआरझेडचं काय?" सीआरझेड म्हणजे कोस्टल रेग्युलेशन झोन, समुद्र-खाडीकाठचा तो पट्टा जिथे काय करता येतं यावर केंद्राचे निर्बंध आहेत. म्हणून या वेळी फक्त तेच घेतोय.

प्रश्न: गुहागर तालुक्यात सड्यावर (कातळाच्या उंच माळावर) आमची भावकीची मिळून 30 एकर जमीन पडून आहे. एक एजंट आलाय, सोलर प्रकल्पासाठी पंचवीस-तीस वर्षांच्या भाड्याने मागतोय. तो म्हणतो सोलरला पर्यावरणाची परवानगी लागत नाही, आणि आमचा सडा समुद्रापासून चांगला उंच कड्यावर आहे म्हणजे सीआरझेडचा संबंधच नाही. खरं आहे का?

उत्तर: एजंटचं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे आणि दुसरं साफ खोटं. आधी दुसरं घेऊ. सीआरझेड उंचीने मोजत नाहीत, नकाशावर आडवं मोजतात. भरतीरेषेपासून जमिनीकडे 500 मीटर, मग तुमचा सडा पाण्यापासून 10 मीटर वर असो की 80. कड्याच्या टोकाला उभं राहून खाली बघितलं की वाटतं हे पाणी आपल्यापर्यंत कधी येणार, ते येणार नाहीच, पण नियमाला त्याच्याशी घेणंदेणं नाही. 30 एकरात बहुतेक असं निघेल की समुद्राकडचे काही गट आत आणि मागचे बाहेर. भावकीत कोणाचा तुकडा आत जातो हे करार करायच्या आधी कळलेलं बरं, नंतर कळलं तर सोलर राहतं बाजूला आणि भाऊ-भाऊ कोर्टात.

आता "परवानगी लागत नाही" याचं. मोठ्या प्रकल्पांना 2006 च्या अधिसूचनेखाली जी पर्यावरण मंजुरी लागते ती सोलर पीव्हीला, म्हणजे उन्हापासून थेट वीज करणाऱ्या पॅनलना, लागत नाही हे बरोबर, केंद्राने तसं स्पष्टीकरण दिलेलं आहे. पण सीआरझेड ही वेगळी अधिसूचना आहे, पहिली 1991 ची, मग 2011 ची, आणि आता 18 जानेवारी 2019 ची, आणि एकातून सुटलात म्हणजे दुसऱ्यातून सुटलात असं होत नाही. एजंट लोक या दोन गोष्टींची नेहमी भेळ करतात, काही जण मुद्दाम आणि काहींना खरंच माहीत नसतं.

2019 च्या अधिसूचनेत अपारंपरिक ऊर्जेला बंदी नाही. उलट भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यातसुद्धा (सीआरझेड 1 ब) अपारंपरिक ऊर्जा आणि तिच्याशी संबंधित सुविधा परवानगी मिळू शकणाऱ्या कामांच्या यादीत आहेत, आणि तीच यादी पुढे सीआरझेड 2 (आधीच बांधकाम झालेला शहरी किनारा) आणि 3 (ग्रामीण किनारा) ला लागू पडेल तिथे लागू केलीय. पण यादीत नाव असणं म्हणजे अर्ज करता येतो इतकंच. तो अर्ज महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जातो, सीआरझेड 2 आणि 3 असेल तर राज्याच्या पातळीवर निकाल लागतो, 1 (नाजूक जागा आणि भरती-ओहोटीचा पट्टा) किंवा 4 (खुद्द पाणी) असेल तर फाईल दिल्लीला.

तुम्ही काय करायचं? सातबारा घेऊन बसू नका, त्यात सीआरझेड सापडणार नाही. किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखड्याचा 1:4000 चा नकाशा बघा, त्यात गट नंबर दाखवलेले असतात, प्राधिकरणाच्या वेबसाईटवर शोधा नाहीतर जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा. आपला गट कोणत्या रंगात पडतो ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा, एजंटच्या मोबाईलवरच्या स्क्रीनशॉटवर जाऊ नका.

भाड्याचंही सांगून ठेवतो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या 2023 च्या दुसऱ्या टप्प्यात हेक्टरी वर्षाला किमान सव्वा लाख आणि दरवर्षी 3 टक्के वाढ असा दर ठरवला होता, पण खाजगी जमीन सबस्टेशनपासून 5 किलोमीटरच्या आत हवी. तुमचा एजंट याच योजनेतला आहे की आपला स्वतंत्र, हे लेखी घ्या. आणि जाता जाता, हा सीआरझेडचा विषय नाही तरी, सडा आहे म्हणताय तर कातळावर एकदा झाडू मारून बघा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या बारसू, उक्षीसारखी कातळशिल्पं (कातळात कोरलेली जुनी चित्रं) कित्येक वर्षं लोकांच्या पायाखालीच होती आणि 2022 मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत गेली. खोदकाम सुरू झाल्यावर तसलं काही निघालं तर तुमचाच प्रकल्प अडकेल.

प्रश्न: ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला आहे. तो पुरत नाही का?
— श्रीवर्धन

उत्तर: नाही. केरळमधलं मरडू आठवतंय का? तिथल्या ग्रामपंचायतीनेच 2006 मध्ये बांधकाम परवाने दिले होते, किनारा प्राधिकरणाला न विचारता. सुप्रीम कोर्टाने 2019 मध्ये पाडायचा आदेश दिला आणि जानेवारी 2020 मध्ये त्या टोलेजंग इमारती सुरुंग लावून पाडल्या, सगळ्या देशाने टीव्हीवर बघितलं. दाखला खोटा नव्हता, फक्त देणाऱ्याला तो अधिकार नव्हता.

प्रश्न: मालवणजवळ आमचं जुनं घर आहे, भरतीरेषेपासून साधारण 90 मीटरवर. छतावर 3 किलोवॅट बसवायचंय. सरपंच म्हणतात सीआरझेडची परवानगी आणा. इन्स्टॉलर म्हणतो काही लागत नाही.

उत्तर: तुमचं गाव विरळ वस्तीचं असेल, म्हणजे 2011 च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा कमी माणसं, तर ते सीआरझेड 3 ब मध्ये येतं आणि भरतीरेषेपासून 200 मीटर ना-विकास क्षेत्र. 2161 पेक्षा दाट असेल तर 3 अ, तिथे 50 मीटर, पण ती सवलत सुद्धा आराखडा त्याप्रमाणे मंजूर झाला असेल तरच. 90 मीटर म्हणजे एका हिशेबाने तुम्ही आत आणि दुसऱ्याने बाहेर, म्हणून आधी आपलं गाव कशात मोडतं ते बघा.

आता छताचं. ना-विकास क्षेत्रात नवं बांधकाम नको, अधिकृत जुन्या घराची दुरुस्ती चालते, पण चटई क्षेत्र, जोत्याचं क्षेत्र आणि घनता वाढता कामा नये. असलेल्या छतावर हातभर उंचीच्या फ्रेमवर पॅनल टाकले तर यातलं काहीच वाढत नाही, म्हणून मी तरी ते बांधकाम समजत नाही. गडबड कुठे होते तर लोक आठ-नऊ फूट उंच सांगाडा करतात, खाली सावली झाली म्हणून बाजूने पत्रे ठोकतात, मग तिथे पाहुण्यांसाठी खाटा, आणि दोन वर्षांत तो एक मजला होतो. त्याला सोलर म्हणून कोणी सोडणार नाही आणि सोडूही नये. आणि घरच मुळात विनापरवाना असेल तर आधी त्याचं बघा. सरपंचांना हे समजावून ग्रामपंचायतीत एक साधा अर्ज देऊन पोच घेऊन ठेवा, पुढे कोणी तक्रार केली तर कामाला येते.

नियमापेक्षा मला तुमच्या नटबोल्टची काळजी जास्त आहे. माझ्या मामाचं घर असंच खाऱ्या वाऱ्यात, इन्स्टॉलरने (नाव सांगत नाही) साधे लोखंडी बोल्ट लावून वर चंदेरी रंग मारून दिला होता. दुसऱ्या पावसाळ्यानंतर मी वर चढलो तर एका नटाला बोट लावलं आणि तो पापडासारखा सुटून हातात आला, क्लॅम्पच्या खालून तांबडं पाणी ओघळून पॅनलच्या काचेवर रेघ पडली होती. तेव्हा स्टेनलेस स्टीलचे बोल्ट, हॉट डिप गॅल्व्हनाईज्ड किंवा अ‍ॅनोडाईज्ड अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा, आणि पॅनलला आयईसी 61701 ही खाऱ्या हवेची टेस्ट झालेली आहे का ते डेटाशीटवर बघा. केंद्राच्या सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78 हजार सबसिडी आहे, त्यातले चार-पाच हजार बोल्टांवर गेले तर जाऊ द्या. 3 जून 2020 चं निसर्ग वादळ ज्यांनी श्रीवर्धन-दिवेआगरला बघितलंय त्यांना हे सांगावं लागत नाही.

प्रश्न: पेण तालुक्यात आमची खारेपाटातली चार एकर भातजमीन. बंधाऱ्याला खांड पडली, उधाणाचं पाणी शिरलं, दुरुस्ती झालीच नाही आणि आता सगळं तिवर (कांदळवनाची झाडं) माजलंय. भात तर येत नाही. जमीन आमच्या नावावर आहे, तिवर तोडून सोलर लावलं तर?

उत्तर: तुमची चीड कळते. बांध फुटला त्यात तुमची चूक नाही, आणि तिवर उगवलं त्यातही नाही. पण उत्तर नाहीच आहे. मुंबई हायकोर्टाने सप्टेंबर 2018 च्या निकालात स्पष्ट म्हटलंय की जमीन कोणाच्याही मालकीची असो, कांदळवन ते कांदळवन, त्याची तोड नाही आणि भोवती 50 मीटरमध्ये बांधकाम नाही. 2019 ची अधिसूचना वाचून काही जण म्हणतील की 1000 चौरस मीटरपेक्षा मोठं कांदळवन असेल तरच 50 मीटरचा पट्टा. असा वाद घालायला वकील मिळतो, पण चार एकर म्हणजे 16 हजार चौरस मीटर, तुमची जमीन त्या सवलतीतही बसत नाही. त्या पट्ट्यात चालतं काय, तर सार्वजनिक सोयीच्या पाईपलाईन, वीजवाहिन्या, खांबांवरचे रस्ते. पॅनलचं शेत नाही.

रात्रीतून तोडून "इथे काही नव्हतंच" म्हणायचा सल्ला कोणी दिला असेल तर ऐकू नका, उपग्रहाचे जुने फोटो असतात आणि वनखात्याचा कांदळवन कक्ष तेच काढून समोर ठेवतो. त्यापेक्षा ज्या खाचरात अजून तिवर आलेलं नाही त्याच्यासाठी खारभूमी विभागाच्या मागे लागा, शेजारच्या पाच-दहा शेतकऱ्यांच्या सह्या घेऊन, खांड बुजवा म्हणून. बांध वेळेत बुजला असता तर हा प्रश्नच तुम्हाला पडला नसता, आणि याबद्दल शेतकऱ्यालाच ऐकून घ्यावं लागतं हे मला पटत नाही.

प्रश्न: खाडीकाठी किती अंतर, 50 की 100 मीटर? तलाठी एक सांगतात, आर्किटेक्ट दुसरं.
— चिपळूण

उत्तर: दोघंही बरोबर. 2011 मध्ये खाडीला 100 मीटर किंवा खाडीची रुंदी यातलं कमी ते, 2019 मध्ये 100 चं 50 झालं. पण 2019 चे नियम त्या जिल्ह्याचा नवा आराखडा मंजूर झाल्यावरच लागतात, तोवर जुनाच धरायचा. तेव्हा अर्ज कराल त्या दिवशी कोणता आराखडा चालू आहे ते लेखी विचारा. आणि खाडी कुठे संपते? ऐन उन्हाळ्यात पाण्याचा खारेपणा हजारी 5 भाग असतो तिथपर्यंत, त्याच्या वर ती नियमाच्या भाषेत नदी.

प्रश्न: गोव्यात खाजन शेतात (खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतात) सोलर?
— बार्देश

उत्तर: नाही. अधिसूचनेत गोव्यासाठी खास लिहिलंय की खाजन जमिनीत विकासकाम नको. बांध आणि मानस (बांधातली पाण्याची दारं) दुरुस्त करा, शेत करा, मासे धरा.

प्रश्न: आम्ही हर्णैच्या बाजूच्या कोळी बायका. वर्षानुवर्षं ज्या मोकळ्या जागेत बोंबील-सुकट वाळवतो ती सरकारी पडीक आहे आणि तिथे सोलर होणार असं कानावर आलंय. विचारलं तर म्हणतात कायद्यात सोलरला परवानगी आहे. आमचं काय?

उत्तर: कायद्यात सोलर आहे तसं मासे वाळवायचं आवार, जाळी दुरुस्त करायची जागा, पारंपरिक होड्या बांधायची जागाही आहे, नावानिशी. पडीक हा शब्द महसूलच्या दप्तरातला, तिथे वाळत घातलेलं म्हावरं दप्तरात दिसत नाही, खरी गोम तिथे आहे. मच्छीमारांच्या वहिवाटीच्या जागा आराखड्याच्या नकाशावर दाखवायच्या असतात. तुमची जागा दाखवलीय का ते आधी बघा. नसेल तर ऑक्टोबर ते मे सगळा हंगाम मोबाईलवर तारखेसकट फोटो काढून ठेवा, ओळीने लटकवलेले बोंबील, जमिनीवर पसरलेली सुकट, बसलेल्या बायका, सगळं. ग्रामसभेत ठराव घ्या आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या किनारा समितीकडे द्या, तिच्यात मच्छीमारांसकट स्थानिक पारंपरिक किनारी समाजांचे किमान तीन प्रतिनिधी असायला हवेत. ते कोण आहेत हे विचारलंत तरी बरीच हालचाल होईल. मी सोलरच्या बाजूचा माणूस आहे, पण ज्या उन्हावर आधीच एक धंदा चाललाय तिथे पॅनल टाकून त्याची सावली बायकांच्या सुकटीवर पाडायची याला मी हरित ऊर्जा म्हणणार नाही.

प्रश्न: गावच्या पुळणीवर (वाळूच्या किनाऱ्यावर) पर्यटकांसाठी सोलरचे दिवे लावायचेत, निधी आलाय. मंडणगड तालुका. हरकत आहे का?

उत्तर: तुमच्या तालुक्यातलंच वेळास कासवांसाठी प्रसिद्ध आहे. ऑलिव्ह रिडले जिथे अंडी घालतात ते किनारे सीआरझेड 1 अ, सगळ्यात कडक. पिल्लं घरट्यातून निघाली की उजेडाकडे चालतात, समुद्राकडचं आकाश उजळ असतं म्हणून ती पाण्यात पोचतात, मागे तुमचा पांढरा एलईडी पेटलेला असेल तर गावाकडे वळतात आणि सकाळी कावळे बसलेले असतात. निधी परत जाऊ देऊ नका, दिवे एसटी स्टँडवर आणि शाळेच्या वाटेवर लावा. पुळणीकडचा शेवटचा खांब घरांच्या आड घ्या.