खाल्लेलं अंगी का लागत नाही?

"मॅडम, घरात करतो ते सगळं याच्यासाठीच, पण खाल्लेलं अंगी लागतच नाही." आतड्याला जुनाट सूज असलेल्या, म्हणजे आयबीडीच्या मुलांच्या आया समोर बसल्या की सुरुवात बहुधा इथूनच होते. मग जरा वेळानं, मुलगा बाहेर गेल्यावर, हळू आवाजात: "आता याची उंची वाढेल का हो?"

ओंकारची आई तेच विचारत होती. (नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत.) ओंकार १३ वर्षांचा, आठवीतला. दोन वर्षं पोट दुखायचं, सारखं तोंड यायचं, मधूनच जुलाब, संध्याकाळची कणकण. जंताचं औषध झालं, नजर काढून झाली, पोटाचा टीबी समजून सहा महिने गोळ्या झाल्या. हे आपल्याकडे बऱ्याच मुलांचं होतं, कारण लहान आतड्याच्या शेवटी झालेला टीबी आणि क्रोन्स हा आयबीडीचा प्रकार दुर्बिणीतून पाहूनही चटकन वेगळे ओळखू येत नाहीत. शेवटी दुसऱ्यांदा दुर्बीण, बायोप्सी, आणि निदान क्रोन्सचं.

आहाराच्या सल्ल्यासाठी डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं तेव्हा वजन २५ किलो होतं. फाइल चांगली जाडजूड. वजन जवळपास प्रत्येक कागदावर, उंची एकाही कागदावर नाही. मी म्हटलं, "ताई, शाळेची प्रगतिपुस्तकं आहेत का?" त्यात उंची-वजनाचा रकाना असतो, जो एरवी कोणी वाचत नाही. पाचवीत १३०, सहावीत १३२, सातवीत १३३. आमच्या मापपट्टीवर १३४. आई त्या आकड्यांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "पाचवीला वाढत्या मापाची पॅन्ट शिवली होती. आतली दुमड अजून उसवलेली नाही मी."

वयात येण्याआधी मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढतं. ४ पेक्षा कमी वाढलं तर कारण शोधायला हवं. क्रोन्समध्ये काही मुलांची उंची आधी रेंगाळते आणि पोटाची तक्रार मागाहून सुरू होते.

सोबत आजी होत्या. त्यांचं मत ठाम होतं: सून नोकरी करते, पोराच्या खाण्याकडे लक्ष नाही. हे तिथल्या तिथे मोडून काढणं मला औषधाइतकं गरजेचं वाटतं. मी त्यांना सांगितलं, "आजी, वाढ मुळात सुजेनं अडवली आहे. सुजेतून जी द्रव्यं रक्तात जातात, ती भूक मारतात, आणि यकृतात वाढीसाठी जे आयजीएफ-१ नावाचं संप्रेरक तयार व्हायला हवं तेही होऊ देत नाहीत. सूज तशीच ठेवून तूप-बदाम चारणं म्हणजे तापल्या तव्यावर पाणी शिंपडणं." आजींना कितपत पटलं देव जाणे, पण सुनेकडे बघणं थांबलं.

दुसरं कारण ताटात होतं. कोणी दूध बंद करायला सांगितलं, कोणी गहू, कोणी डाळी. पालेभाजी आणि फळं आईनं स्वतःच बंद केली. उरलं काय, तर मऊ भात, ताक आणि साबुदाण्याची पेज. एवढ्यावर तेरा वर्षांचा मुलगा जगेल, वाढणार नाही. पथ्य सांगणारे पुष्कळ भेटतात. बंद केलेल्याच्या जागी काय द्यायचं ते सांगणारा विरळा.

आणि तिसरं कारण ओंकारनं एकट्यात सांगितलं. डबा तो मित्राला देऊन टाकायचा. "खाल्लं की जावं लागतं. शाळेत कडी नाही, पाणी नसतं. एकदा बाहेरून दार ढकललं होतं पोरांनी." म्हणून सकाळी सातपासून दुपारी दीडपर्यंत पोटात काही नाही, पाणीसुद्धा नाही. आईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आई वर्गशिक्षिकेला भेटली आणि त्याला शिक्षकांचं स्वच्छतागृह वापरायची परवानगी मिळाली. अशा मुलांच्या पालकांना मी हे हमखास विचारायला सांगते: शाळेत संडासला जाता येतं का?

उपचार म्हणून डॉक्टरांनी आधी स्टिरॉइड न देता फक्त फॉर्म्युल्यावर ठेवायचं ठरवलं. सहा ते आठ आठवडे बाकी सगळं अन्न बंद, फक्त संपूर्ण पोषण देणारा पातळ आहार आणि पाणी. क्रोन्सच्या मुलांमध्ये सूज उतरवायला हा पहिल्या पसंतीचा उपाय मानतात. दहातल्या सात-आठ मुलांना उतार पडतो, आणि स्टिरॉइडनं वाढ खुंटायची भीती राहत नाही. अल्सरेटिव्ह कोलायटिस या आयबीडीच्या दुसऱ्या प्रकारात मात्र याचा तसा उपयोग होत नाही. "मग दुकानातली प्रोटीन पावडर चालेल का?" असं ओंकारच्या बाबांनी विचारलं, बरेच जण विचारतात. नाही चालणार. त्यात सगळं पोषण नसतं.

दिवसाला जवळजवळ दोन लिटर एकच चव पिणं सोपं नाही. पहिल्या आठवड्यात त्यानं ग्लास भिरकावलाही. मग गार करून, झाकणाच्या बाटलीतून, स्ट्रॉनं, दर दोन तासांनी थोडं थोडं, असं जमत गेलं. जेवणाच्या वेळी बाबा त्याला घेऊन फिरायला जायचे आणि मग स्वतः उशिरा जेवायचे. मधे गणपती आले. मोदकांच्या कळ्या त्यानं पाडल्या, खाल्ला एकही नाही. त्या दिवशी आई रडली, तो नाही.

उतार पडल्यावर पदार्थ एकेक करून परत आणले. दही, नाचणीची आंबील, अंडं, मुगाचं वरण, पोळी. दूध त्याला पचलं, म्हणजे ते बंद करायचं कारणच नव्हतं. आतड्याचा एक भाग थोडा अरुंद होता म्हणून मक्याचे दाणे, शेवग्याच्या शेंगा, कच्ची कोशिंबीर एवढंच लांब ठेवलं. ड जीवनसत्त्व आणि लोह तपासून दिलं. बी-१२ चं इंजेक्शन सुरू झालं, कारण ते नेमकं लहान आतड्याच्या शेवटीच शोषलं जातं. सूज आटोक्यात ठेवायचं औषध रोजचं आहे, बरं वाटलं म्हणून सोडायचं नाही, हे मी आईबाबांपेक्षा ओंकारलाच जास्त वेळा सांगितलं.

ज्या मुलांना स्टिरॉइड द्यावं लागतं त्यांच्या आयांना एक सांगते: गाल भरले, वजन वाढलं, भूक लागली, यावर जाऊ नका. उंची मोजा.

वर्षभरात ओंकार साडेसहा सेंटिमीटर वाढला. बाबांचा हिशेब पक्का होता. त्यांची उंची १७०, आईची १५७, दोन्हींच्या बेरजेत मुलासाठी १३ मिळवून निम्मे केले की १७० येतात. "तेवढा होईल ना?" मी हो म्हटलं नाही. पण मनगटाच्या एक्स-रेमध्ये त्याच्या हाडांचं वय ११ निघालं होतं. वयात येणं लांबलंय, हाडं जुळून वाढ थांबायला अजून वेळ आहे, आणि सूज आटोक्यात राहिली तर त्या वेळेचा उपयोग होईल. सहा महिन्यांत वेग पुन्हा मंदावला तर वाढीच्या डॉक्टरांकडे पाठवायचं ठरलंय.