रोज किमची खाल्ली तर चालते का? ठाणे-नवी मुंबईच्या वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही घोडबंदर रोडला राहतो. माझी मुलगी १९ वर्षांची, कॉलेजला जाते, कोरियन सिरीयल बघून बघून आता तिला रोज किमची लागते. डब्यात किमची, भातावर किमची, रात्री अभ्यास करताना रामेन (पाकिटातल्या कोरियन नूडल्स) आणि त्यात पण किमची. म्हणते कोरियातले लोक रोज खातात म्हणून बारीक असतात, पोट साफ राहतं, स्किन चांगली होते. आता सासूबाईंना पण आवडायला लागलीय, आंबट-तिखट म्हणून जेवताना मागून घेतात, आणि त्यांना बीपीची गोळी चालू आहे. रोज खाणं खरंच चांगलं का? आणि सासूबाईंना देऊ की नको?

उत्तर : आधी उत्तर सांगते, मग कारणं. मुलीला रोज २-३ चमचे खुशाल खाऊ द्या. सासूबाईंना रोज नको, कधीतरी १ चमचा चालेल, आणि तोसुद्धा त्या दिवशी ताटातलं लोणचं-पापड काढून.

किमची म्हणजे मिठात मुरवलेली भाजी. बहुतेक वेळा चायनीज कॅबेज, कधी मुळा, त्यात लसूण, आलं, कांद्याची पात, कोरियन लाल मिरची आणि पारंपरिक पद्धतीत खारवलेली कोळंबी किंवा फिश सॉस. मीठ लावलं की भाजीला पाणी सुटतं, नको असलेले जंतू मिठामुळे मागे पडतात आणि पानांवर आधीपासूनच असलेले लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू वाढायला लागतात. तेच साखर खाऊन आंबटपणा तयार करतात. विरजण वेगळं लावावं लागत नाही. १०० ग्रॅम किमचीत कॅलरी जेमतेम १५ ते २०, थोडं फायबर, थोडं व्हिटॅमिन सी, व्हिटॅमिन के बऱ्यापैकी, आणि जिवंत जिवाणू भरपूर. म्हणजे पदार्थ चांगलाच आहे, त्यात शंका नाही.

आता बारीक होण्याचं. २०२४ मध्ये बीएमजे ओपन या जर्नलमध्ये कोरियातला एक मोठा अभ्यास आला, ४० ते ६९ वयाच्या १,१५,७२६ लोकांचा. दिवसाला १ ते ३ सर्व्हिंग (एका वेळी वाढतात तेवढं प्रमाण) किमची खाणाऱ्या पुरुषांमध्ये लठ्ठपणाचं प्रमाण साधारण ११ टक्क्यांनी कमी दिसलं. बातम्या इथेच थांबल्या. पण त्याच अभ्यासात दिवसाला ५ किंवा त्याहून जास्त सर्व्हिंग खाणाऱ्यांचं वजन आणि कंबर जास्त होती, ते कुणी फारसं सांगत नाही. शिवाय हा अभ्यास एका वेळचं चित्र दाखवतो, किमचीमुळेच वजन कमी झालं असं त्यातून सिद्ध होत नाही, जो माणूस घरचं साधं जेवण आणि भाज्या खातो तोच किमचीही खात असणार. पैसाही कोरियातल्याच वर्ल्ड इन्स्टिट्यूट ऑफ किमची या संस्थेचा होता. म्हणून अभ्यास खोटा ठरत नाही, पण वाचताना हे माहीत असावं. मुलीला प्रेमाने सांगा की किमची वजन कमी करायचं औषध नाही. स्किनचं मी कुणाला आश्वासन देणार नाही.

पोटाच्या बाबतीत मात्र मला जास्त विश्वास वाटतो. २०२१ मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी सेल या जर्नलमध्ये छापलेला प्रयोग आहे, ३६ निरोगी माणसं, १० आठवडे. अर्ध्यांना फायबर भरपूर दिलं, अर्ध्यांना आंबवलेले पदार्थ, म्हणजे दही, केफिर (आंबवलेलं दूध), किमची, कोंबुचा (आंबवलेला चहा) असं सगळं. आंबवलेलं खाणाऱ्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंची विविधता वाढली आणि सूज दाखवणारी रक्तातली १९ प्रोटीन्स कमी झाली. माणसं थोडी होती, आणि किमची हा त्या यादीतला एकच पदार्थ होता, पण दिशा चांगली आहे.

आता मीठ, आणि तुमच्या घरात खरा प्रश्न हाच आहे. १०० ग्रॅम किमचीत साधारण ५०० ते ८०० मिलिग्रॅम सोडियम असतं, ब्रँडप्रमाणे बदलतं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसभरात सोडियम २००० मिलिग्रॅमच्या आत ठेवा, म्हणजे मीठ ५ ग्रॅम, सपाट एक छोटा चमचा. ५० ग्रॅम किमची खाल्ली तर २५० ते ४०० मिलिग्रॅम, ते बसतं. पण वाटीभर, १५० ग्रॅम, खाल्ली तर एकट्या किमचीत दिवसाचा तिसरा हिस्सा किंवा अर्ध्याहून जास्त संपला, आणि आपलं वरण, भाजी, पोळी, चटणी अजून बाकीच आहे. आणि रामेन! पाकीट उलटं करून बघा, बऱ्याच कोरियन रामेनवर एका पाकिटात दीड हजार मिलिग्रॅमच्या पुढे सोडियम छापलेलं असतं. मुलीच्या बाबतीत मला काळजी किमचीची नाही, रात्रीच्या रामेनची आहे. रामेन आठवड्यातून एकदा, मसाल्याची पुडी अर्धीच टाकायची, सूप संपवायचं नाही, आणि किमची हवी असेल तर दुपारी भात-वरणासोबत खायची, हा सौदा तिच्याशी करून बघा.

कोरियात किमचीत एवढं मीठ का, त्यालाही कारण आहे. तिकडे हिवाळ्यात बाहेर काही उगवत नाही, म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमाराला सगळं घर, शेजारपाजार जमून थंडीभर पुरेल एवढी किमची घालायचे, त्याला किमजांग म्हणतात, २०१३ मध्ये युनेस्कोने दक्षिण कोरियाची ही परंपरा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. मला फार आवडते ही पद्धत, आपल्याकडे उन्हाळ्यात बायका मिळून पापड-कुरडया घालायच्या तसंच ते. पण मीठ भाजी टिकवायला होतं. आपल्याला जांभळी नाक्यावर बाराही महिने ताजी भाजी मिळते, तेव्हा किमची आपल्यासाठी चवीचा पदार्थ, भाजीची जागा तिने घेऊ नये.

आणि एक गोष्ट, घाबरवायला नाही, पूर्ण माहिती म्हणून. कर्करोगावर काम करणाऱ्या आयएआरसी या संस्थेने १९९३ मध्ये आशियातल्या पारंपरिक खारवलेल्या भाज्यांना २बी गटात टाकलं, म्हणजे धोका असू शकतो पण पुरावा मर्यादित आहे. खूप खारट खाणं आणि पोटाचा कर्करोग यांचा संबंध मात्र बऱ्याच अभ्यासांत दिसलाय. त्यामुळे चमच्यात खा, वाडग्यात नको.

सासूबाईंना चवीचंच हवं असेल तर काकडी-मुळ्याची कोशिंबीर, लिंबू, मिरची, आल्याचा कीस, वरून मीठ नाही. आंबट-तिखटाची हौस भागते. किमची द्यायची त्या दिवशी लोणचं नाही हे पक्कं करा. आपल्या घरांत चूक इथेच होते, नवीन पदार्थ येतो पण जुना ताटातून जात नाही, मग लोणचं पण, पापड पण, किमची पण.

प्रश्न : मी नौपाड्यात राहतो, वय ६७. नातू सांगतो आजोबा किमची खा, गट हेल्थ (आतड्यांचं आरोग्य) सुधारेल. मी आयुष्यभर दुपारच्या जेवणात ताक पितो. मला किमचीची गरज आहे का?

उत्तर : काका, गरज अजिबात नाही. घरी विरजलेल्या दह्याच्या ताकात जिवंत लॅक्टिक जिवाणू असतातच, शिवाय कॅल्शियम आणि थोडं प्रोटीन मिळतं, जे किमचीच्या दोन-तीन चमच्यांत फारसं मिळत नाही. किमचीत भाजीचं फायबर आणि वेगळ्या जातीचे जिवाणू, ते ताकात नाहीत. दोन्ही घेतलं तर उत्तम, एकच घ्यायचं तर तुमच्या वयाला ताक बरं, फक्त त्यात मीठ घालायची सवय असेल तर सोडा, जिरेपूड आणि कोथिंबीर पुरे. ताक गरम करून कढी केली की जिवाणू मरतात, तेच किमची फ्राइड राइसचं, चव राहते पण जिवंत काही उरत नाही. नातवाने आणलीच तर चाखून बघा की, त्यालाही आनंद होईल.

प्रश्न : ताई, आम्ही खारघरला राहतो, घर शुद्ध शाकाहारी आहे. बाजारातल्या किमचीत मासे असतात असं आत्ता कळलं! घरी करायची तर कशी, आणि आपल्या हवेत ती खराब नाही का होणार? घरात बीपी आहे म्हणून मीठ कमी घातलं तर चालेल?

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं आधी, कारण ते महत्त्वाचं आहे. मीठ फार कमी करू नका. भाजीच्या वजनाच्या साधारण २ टक्के मीठ राहायलाच हवं, म्हणजे किलोला २० ग्रॅम, कारण सुरुवातीला आंबटपणा तयार होईपर्यंत वाईट जंतूंना तेच रोखून धरतं. बीपीवाल्यांसाठी मीठ कमी करायचं नाही, वाढायचा चमचा लहान करायचा.

विकतच्या बाटलीवर हिरवा ठिपका बघा, आणि घटकांची यादी वाचा. पाश्चराइज्ड लिहिलं असेल किंवा नुसतं व्हिनेगर घालून आंबट केलेली असेल तर जिवंत जिवाणूंची अपेक्षा ठेवू नका, पैसे चवीचे देताय हे माहीत असू द्या. ज्यांना कोळंबीची अॅलर्जी आहे त्यांनी तर यादी वाचल्याशिवाय तोंडात घालू नये.

घरी करायची तर वाशी मार्केटला चायनीज कॅबेज मिळते, नाहीतर आपला कोबी आणि मुळा घ्या, छान होते. पानांना खडेमीठ चोळून २-३ तास ठेवा, जाड पांढरा देठ न मोडता वाकायला लागला की झालं, मग २-३ पाण्यांनी धुऊन निथळायला ठेवा, पूर्ण निथळू द्या. धुतल्यावर चव घ्या, नेहमीच्या जेवणातल्या भाजीपेक्षा थोडी जास्त खारट लागायला हवी, अळणी लागली तर मसाल्यात मीठ घाला. तांदळाच्या पिठाची पातळ पेज करून गार करा, त्यात लसूण, आलं, पातीचा कांदा, किसलेलं गाजर, थोडी साखर आणि काश्मिरी किंवा ब्याडगी मिरची जाडसर कुटून, बारीक तिखट घातलं की चिखल होतो. फिश सॉसच्या जागी चमचाभर सोया सॉस चालतो, नाही घातला तरी बिघडत नाही, पण सोया सॉस खारट असतो हे मिठाच्या हिशोबात धरा. लसूण-कांदा न खाणाऱ्यांनी आलं वाढवावं. मिरची सोसत नसेल तर बिनमिरचीची पांढरी किमचीही असते, कोरियात ती मुद्दाम करतात, मिरची तिकडे आपल्यासारखीच १६व्या शतकाच्या आसपास अमेरिकेतून फिरत फिरत आली, त्याआधी किमची लाल नव्हतीच.

काचेच्या बरणीत दाबून भरा, भाजी रसात बुडलेली राहिली पाहिजे, वर २ बोटं जागा सोडा कारण गॅस होतो, झाकण घट्ट आवळू नका, खाली ताटली ठेवा नाहीतर ओटा लाल होईल. आणि आपली हवा! रेसिपीत २ दिवस बाहेर ठेवा असं लिहितात ते १८-२० डिग्रीच्या हिशोबाने. मे महिन्यात खारघरच्या किचनमध्ये सकाळी भरलेली बरणी रात्रीपर्यंत फसफसायला लागू शकते, म्हणून १०-१२ तासांनी चाखायला सुरुवात करा, आंबूस लागली की लगेच फ्रिजमध्ये. जानेवारीत एक-दीड दिवस लागेल. फ्रिजमध्ये पण हळूहळू आंबट होत राहते, त्याचं टेन्शन घेऊ नका. हिरवी, काळी, निळी लव दिसली, किंवा कुजका वास आला, किंवा बुळबुळीत झाली तर वरचं काढून खालचं खाऊ नका, सगळी टाका. चमचा कोरडा आणि स्वच्छ, खरकटा चमचा बरणीत गेलाच नाही पाहिजे.

प्रश्न : माझ्या वडिलांना हार्टचा व्हॉल्व बसवलाय, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे. आईला थायरॉइड, मला अॅसिडिटी. आमच्या घरी किमची चालेल का? – ऐरोली

उत्तर : वडिलांचं सगळ्यात आधी. गोळी वॉरफेरिन किंवा अॅसिनोकुमारोल असेल तर कोबीवर्गीय भाज्यांतलं व्हिटॅमिन के तिच्या कामात आडवं येतं. एक दिवस भरपूर आणि मग आठवडाभर काहीच नाही असं झालं की आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीतला आकडा) वर-खाली होतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका, आणि ते हो म्हणाले तर प्रमाण दर आठवड्याला तेवढंच ठेवा. आईने ३० ते ५० ग्रॅम खाल्ली तर एवढ्या कोबीने थायरॉइड बिघडत नाही, आयोडीनचं मीठ चालू असू द्या आणि गोळी सकाळी उपाशीपोटीच. तुम्ही मात्र रिकाम्या पोटी किंवा रात्री खाऊ नका, लसूण, मिरची आणि आंबट तिन्ही एकत्र आहेत, जळजळ वाढेल. पोट फुगत असेल तर आठवडाभर बंद ठेवून बघा. आणि घरात कुणाची केमो चालू असेल, किडनी ट्रान्सप्लांट झालं असेल, किंवा किडनीचा आजार असेल तर कच्ची किमची त्यांना देऊ नका, आधी त्यांच्या डॉक्टरांशी बोला, फोनवर विचारलं तरी चालेल.